आधी बूड बघा

पत्र असं आहे:

‘नमस्कार ताई. वय 43, राहायला घोडबंदर रोड, नोकरी ऐरोलीला. तीन वर्षांपूर्वी आमचं नौपाड्यातलं जुनं घर पुनर्विकासाला गेलं. तेव्हा माळा रिकामा करताना आजोबांची मातीची दौत सापडली. पिंपावर बसलेला कुत्रा, दोन बाजूंना शाईच्या दोन वाट्या, पुढं टाक ठेवायला खाच. कुत्र्याचा एक कान तुटलेला. त्या दिवसापासून मला हा नादच लागला. आज माझ्याकडे भाजलेल्या मातीच्या 22 वस्तू आहेत: कलमदानं, पेपरवेटं, टेबलावरचे छोटे पुतळे. आता अडचणी सांगतो. मार्चमध्ये एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एका बाईचं शीर ‘200 वर्षं जुनं टेराकोटा’ म्हणून 14 हजारांना घेतलं. पाऊस सुरू झाल्यापासून त्यावर पांढरं काहीतरी येतंय. कानामागे टवका उडालाय, तिथं आतून पांढरं दिसतं आणि नखानं भुकटी निघते. त्याच माणसाकडे आता चंद्रकेतुगढची शुंगकालीन, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची, मातृदेवता आलीय. 60 हजार म्हणतो. कागद नाहीत, पण माल अस्सल आहे म्हणे. घेऊ का? न्यू जर्सीची बहीण आजोबांची दौत मागतेय. घरात सगळे सांगतात की ती 1890 ची, इंग्रज कलेक्टरानं दिलेली. बुडाला इंग्रजीत ‘चेकोस्लोव्हाकिया’ आणि एक आकडा आहे. पाठवता येईल का? आणि आई म्हणते, भंगलेल्या मूर्ती घरात नकोत. — अ. दे., ठाणे.’

नमस्कार.

22 वस्तू आणि चार अडचणी, हे प्रमाण काही वाईट नाही. माझ्या पहिल्या पाच वस्तूंनीच मला सात अडचणी दिल्या होत्या.

सुरुवात तुमच्या दौतीपासून करते, कारण पत्रातली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे आणि तिचा प्रश्न तुम्ही शेवटाकडे ढकललात. बुडाला चेकोस्लोव्हाकिया असेल तर 1890 विसरा. त्या नावाचा देशच 28 ऑक्टोबर 1918 ला जन्माला आला आणि 1992 च्या 31 डिसेंबरला संपला. त्याआधी तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि तिथल्या मालावर असलाच तर ‘ऑस्ट्रिया’ असा शिक्का असायचा. म्हणजे तुमची दौत 1918 नंतरची. आजोबा टाकानं लिहीत होते हेही जमेस धरलं, तर 1920 ते 1940 च्या मधली असावी. त्या भागात, म्हणजे बोहेमियात, रंगवलेल्या भाजक्या मातीच्या वस्तूंचे मोठे कारखाने होते. आउसिग गावात जोहान मारेश, आइखवाल्डमध्ये बर्नहार्ड ब्लॉख. बागेत ठेवायचे दाढीवाले बुटके, तंबाखूचे डबे, टेबलावरचं सामान असा माल तिथून जगभर जायचा. मारेश आपल्या वस्तूंवर ‘जे एम’ ही अक्षरं दाबत, ब्लॉख ‘बी बी’. सोबतचा आकडा हा बहुतेक वेळा साच्याचा नंबर असतो, सालाचा नव्हे. आकड्याच्या शेजारी अशी अक्षरं दिसतात का, ते भिंगातून बघा. नाही दिसली तरी बिघडत नाही, बिनशिक्क्याचाही बराच माल निघत होता.

इंग्रज कलेक्टर मात्र खरा असू शकतो. साल चुकलं म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. आपल्याकडे घरातल्या वस्तूंचं वय दर पिढीला वीस वर्षांनी वाढतं, आजोबांच्या पगाराचा आकडा कमी कमी होत जातो, आणि दोन्ही गोष्टी प्रेमापोटीच होतात.

माझं या छंदाबद्दल जे काय म्हणणं आहे ते या दौतीतच आलं. वस्तू हातात आली की आपण तिचं तोंड बघतो. डोळे किती सुंदर, ओठ कसे कोरलेत. खोटी वस्तू करणारासुद्धा सगळी मेहनत तोंडावरच करतो. त्याला माहीत असतं आपण कुठं बघणार ते. म्हणून आधी बूड बघायचं, मग पोटात डोकवायचं, मग पाठ, आणि तोंड सगळ्यात शेवटी. तुमच्या आईंना विचारा, उन्हाळ्यात माठ घेताना त्या काय करतात. नक्षी बघत नाहीत. उचलून, तळहातावर धरून बोटाच्या पेरानं वाजवतात. खणखणला तर घ्यायचा, भद्द आवाज आला तर केसाएवढी का होईना, चीर आहे. पोकळ पुतळ्यांनाही हीच परीक्षा लागू पडते. या बाबतीत तुमच्या घरात तुमच्यापेक्षा अनुभवी माणूस आहे.

पोकळ पुतळा असला की पाठीला किंवा बुडाला भोक हवं. भट्टीत आतली हवा तापते, मातीतल्या ओलीची वाफ होते. तिला वाट नसेल तर पुतळा भट्टीतच फुटतो. ग्रीसमधल्या तानाग्रा गावाजवळ 1870 च्या दशकात थडग्यांतून निघालेल्या छोट्या मातीच्या बायका युरोपात इतक्या गाजल्या, की मागोमाग खोट्यांचा पूर आला. त्या अस्सल मूर्तींच्या पाठीला असं चांगलं ऐसपैस भोक असतं. भोकातून टॉर्च मारा. साच्यात माती दाबून बसवताना कारागिराची बोटं आत उमटतात, अंगठ्याच्या पेराच्या रांगा दिसतात. ते बघायला मला अजूनही मजा येते. आत अगदी गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीचं असेल तर पातळ माती साच्यात ओतून केलेलं काम आहे. ते वाईट नाही, युरोपातल्या कारखान्यांत तसं सर्रास होई. पण त्याला कुणी ‘दोन हजार वर्षांपूर्वीचं’ म्हणालं तर चहा पिऊन उठावं.

झीज कुठं आहे तेही बघायचं. टेबलावरची वस्तू बुडाच्या कडेला झिजते, हात लागतो तिथं काळवंडते. नाक, गुडघे, कोपरं घासली जातात आणि काखेत, कानामागे, वळ्यांमध्ये धूळ बसते. तुमच्या टेबलावरच्या पेपरवेटाला दहा वर्षांत जे होईल तेच. सगळीकडे सारखाच मातकट रंग असला तर तो बहुतेक गेरूचा किंवा चहाच्या पाण्याचा हात. आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळते ना, ती एक घेऊन ठेवा. अंधाऱ्या खोलीत वस्तूवर फिरवली की डागडुजीचा गोंद, नवा रंग बऱ्याचदा वेगळा चमकून उठतो. लाखेचा लेप नारिंगी दिसतो. माझ्याकडची एक ‘अखंड’ नर्तकी त्या उजेडात चार तुकड्यांची निघाली. मी ती तरीही ठेवलीय, फक्त दुकानदाराला दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं.

आता तुमचं 14 हजारांचं शीर. फोटोवरून निकाल देणं म्हणजे फोनवर नाडी बघणं, तरीही नखानं भुकटी निघते हे तुम्ही लिहिलंत तिथं माझी पाल चुकचुकली. भाजलेली माती तुटली की आतही मातीचाच रंग दिसतो: विटकरी, पिवळट, क्वचित मधोमध काळपट, पण बाहेरच्याशी नातं सांगणारा. वरून लाल आणि आतून खडूसारखं पांढरं, तेही नखानं निघणारं, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्याच्या ओतीव पुतळ्यावर गेरूचा हात फिरवला की पाच फुटांवरून टेराकोटाच वाटतो. आत पांढरं दिसलं म्हणजे प्लास्टरच, असंही समजू नका मात्र. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, तिथं सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलीन मातीच्या मूर्ती सापडल्यात. पुढचा-मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, आतून पोकळ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या बघायला मिळतात. पण केओलीन भाजलेली असते, नखाला दाद देत नाही.

वर येणारी पांढरी पूड बुरशी आहे की लोणा, म्हणजे क्षार, हेही तपासा. ओला कापूस पिळून एखाद्या आडजागी टेकवा. क्षार असतील तर ओल लागताच विरघळतात आणि वाळल्यावर परत येतात. बुरशी लोकरीसारखी असते आणि तिला ओल्या सतरंजीसारखा वास येतो. तुमच्या शिरावर नुसतं प्लास्टरच सुटत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. कोरड्या खोलीत ठेवा, वरून काहीही चोपडू नका, आणि त्या माणसाला लेखी विचारा: ही भाजलेली माती आहे का, 200 वर्षं कशावरून, पैसे परत देणार का. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी. पैसे परत येतीलच असं मी म्हणत नाही. पण त्याचं उत्तर वाचल्यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हालाच मिळेल.

उरलेलं अर्धं मी देते. घेऊ नका.

चंद्रकेतुगढ हे खरंखुरं आणि फार मोठं ठिकाण आहे. बंगालच्या उत्तर 24 परगणा जिल्ह्यात. कोलकाता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयानं 1950 च्या दशकात तिथं उत्खनन सुरू केलं. साच्यातून काढलेल्या चपट्या मृण्मूर्ती, अंबाड्यात आयुधांच्या आकाराचे काटे खोवलेली देवी, दागिन्यांची अशी दाटी की एकेक मणी मोजावा. पण तिथल्या जमिनीतून चोरून जितका माल निघाला तितकाच, किंवा त्याहून जास्त, त्या नावानं बनवलाही गेला. साच्याचं काम असल्यामुळे नक्कल सोपी. अस्सल तुकड्यावरून साचा घ्यायचा की झालं. फक्त माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. मूळ तुकडा शेजारी असल्याशिवाय हे कळणार कसं?

तो माणूस म्हणेल, लॅबचा रिपोर्ट देतो. थर्मोल्युमिनिसन्स नावाची चाचणी खरंच आहे आणि भाजलेल्या मातीसाठीच ती नामी आहे. मातीतले क्वार्ट्झसारखे कण आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत तापलं की आधीची सगळी साठवण निघून जाते, पाटी कोरी होते. पुढं शेकडो वर्षांनी चिमूटभर भुकटी काढून तापवली की साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपानं बाहेर पडते. उजेड किती, त्यावरून शेवटचं भाजणं कधी झालं याचा अंदाज. पण भुकटी कुठून काढली हा प्रश्न राहतोच. जुन्या तुकड्यांना नवं तोंड जोडलेलं असेल आणि भुकटी बुडातून घेतली असेल, तर रिपोर्ट खरा आणि मूर्ती खोटी. मुद्दाम किरणांचा मारा करूनही वय वाढवता येतं. आणि मुळात तो रिपोर्ट याच मूर्तीचा आहे कशावरून?

समजा ती अस्सल निघाली. तेव्हा तर जास्त पंचाईत. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा, लागू झाला 5 एप्रिल 1976 पासून. 100 वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकृती ही पुरावस्तू. टेराकोटाची शिल्पं त्यातल्या नोंदणी सक्तीच्या यादीत येतात. मालकानं नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह नोंदवायची, मालकी बदलली तर कळवायचं. आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. ‘कागद नाहीत’ म्हणणाऱ्या माणसाकडे यातलं काय असेल? जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा तर 1878 चा आहे. थोडक्यात, खोटी निघाली तर पैसे बुडाले, खरी निघाली तर तुम्ही बुडालात.

शिवाय मला मनापासून एक गोष्ट खुपते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला एका घराच्या जमिनीखाली मातीची छोटी पेटी सापडली होती. आत बिनडोक्याची मातीची स्त्रीमूर्ती, जोडीला बैल, आणि ती बाई बैलाच्या पाठीवर बसवायची सोय. ताम्रपाषाण काळातली, तीन हजार वर्षांहून जुनी. ती पेटी कुणी रातोरात उकरून बाजारात आणली असती तर आपल्या हाती काय आलं असतं? एक डोकं तुटलेली बाहुली. कुणीतरी म्हणालं असतं, डोकं असतं तर जास्त पैसे आले असते. घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, पेटीत, बैलासोबत सापडली म्हणून ती देवी आहे हे कळलं. मातीची मूर्ती मातीतून चोरून काढली की तिचं बोलणंच बंद होतं. मग ती तुमच्या टेबलावर असली काय आणि नसली काय.

एवढं जुनं बघायची हौस असेल तर लोकलचं तिकीट काढा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपावरच्या गुप्तकालीन मृण्मूर्ती आहेत. हेन्री कझिन्स यांनी 1909-10 च्या सुमारास उत्खनन करून काढलेल्या. मातीत एवढं मोठं आणि एवढं शांत काम होऊ शकतं, हे बघितल्याशिवाय 60 हजारांची भाषा करू नये. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 मध्ये लोकांना खुलं झालेलं. तिथं वेगवेगळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे मातीचे पुतळे बघा. तुमच्या छंदाशी जवळचं नातं त्यांचं आहे. पुण्यात तशा पुतळ्यांचे नावाजलेले कारागीर होते, बंगालमध्ये कृष्णनगरला आजही आहेत.

हे पुतळे बाजारात दिसले तर माझी आठवण ठेवा. 1994 साली आमच्याच भागातल्या एका रद्दीच्या दुकानात मला असा एक पखालवाला मिळाला. वीतभर उंच, कमरेला खऱ्या कापडाचा पंचा, पाठीवर पाण्याची कातडी पखाल, चेहऱ्यावर असा थकवा की त्याला बसायला स्टूल द्यावंसं वाटावं. 150 रुपये. घरी आणला आणि धुळीनं माखलेला म्हणून सरळ नळाखाली धरला. आधी पाणी लाल झालं. मग खांदा मऊ लागला. मी नळ बंद करेपर्यंत नाक गेलं होतं, आणि ओट्यावर टेकवला तेव्हा आतली तार आणि गवताच्या काड्या वर आल्या होत्या. यातले बरेच पुतळे भट्टीत घातलेले नसतात, नुसते वाळवून रंगवतात. शाडूचा गणपती धुवायला घेतल्यासारखंच झालं की! आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, ‘आयुष्यभर पाणी वाहिलं बिचाऱ्यानं, शेवटी पाण्यानंच गेला.’ त्या दिवशी मला हसू आलं नाही. आता येतं.

तेव्हा नवी वस्तू आली की आधी बुडाच्या आडजागी ओलसर कापसाचा बोळा नुसता टेकवायचा. चिखल लागला तर कच्ची माती, पाणी वर्ज्य. रंग लागला तरी वर्ज्य. काहीच लागलं नाही तरीही धुवायची गरज सहसा नसते. दाढीचा मऊ ब्रश घ्या, वरून खाली झटका, बस्स. खोबरेल तेल, व्हार्निश, चमक आणणारा स्प्रे यांतलं काहीही लावू नका. भाजलेली माती सच्छिद्र असते, म्हणून तर माठात पाणी गार होतं. ती तेल पिते आणि कायमची काळी पडते.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडे जुलैत हवेतच पाणी असतं, आणि तुमची इमारत खाडीच्या बाजूला असेल तर विचारायलाच नको. ओल शिरते, मातीतले क्षार विरघळतात, एसी लावला की हवा कोरडी होऊन तेच क्षार पृष्ठभागाखाली खडे धरतात आणि वरचा पापुद्रा उचलतात. रोज एसी चालू-बंद म्हणजे रोज एक धक्का. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि एसीचा झोत या दोन जागा सोडून कपाट ठेवा. काचेचं दार असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या. घोडबंदरच्या अवजड ट्रकांनी आमच्या एका मैत्रिणीच्या शोकेसमधली हत्तीण वर्षभरात चार बोटं पुढं सरकली होती. म्हणून प्रत्येक बुडाखाली फेल्टची चकती लावा. लावण्याआधी बुडाचा फोटो काढा, नाहीतर शिक्काच झाकून टाकाल.

फोटोबरोबर एक वही करा. कधी घेतली, कुणाकडून, कितीला, विकणारा काय म्हणाला, उंची, वजन. ‘विकणारा काय म्हणाला’ हा रकाना पाच वर्षांनी वाचायला फार बहार येते. बुडाच्या शिक्क्यांची पण हळूहळू सवय होते. ‘ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर 1945 ते 1952 मधलं. कुठल्याही देशाचं नाव इंग्रजीत ठसठशीत असेल तर बहुतेक 1890 नंतरचं, कारण अमेरिकेनं त्या वर्षी आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. पण आकड्यांवर आंधळा विश्वास नको. नौपाड्यातली कौलारू घरं पडताना ‘बासेल मिशन 1865’ असं लिहिलेलं मंगलोरी कौल मिळतं आणि लोक ते 1865 चं म्हणून मिरवतात. 1865 हे कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल त्यानंतरचं, कदाचित बरंच नंतरचं. तुमच्या आजोबांच्या घराची कौलं फेकून दिली नसतील अशी आशा करते. शिक्का असलेलं एक जरी कौल राहिलं असेल, तर त्या शिरापेक्षा ते टेबलावर जास्त शोभेल. ते कुठून आलं हे तुम्हाला छातीठोक सांगता येईल.

नवंही घ्या. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शनं लागतात तेव्हा बंगालमधल्या पांचमुऱ्याचे मातीचे घोडे, गोरखपूरचं मातीकाम कधी येतं यावर लक्ष ठेवा. करणाऱ्यालाच बुडाला सही करायला सांगा. एका कुंभारदादांनी मला विचारलं होतं, ‘सही कशाला, फुटली तर परत आणणार का?’

बहिणीचं काय करायचं? 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमची दौत 1918 नंतरची, म्हणजे अगदी काठावरची, आणि ही 100 वर्षांची रेघ दर वर्षी एक वर्ष पुढं सरकते. जुनी दिसणारी वस्तू विमानतळावर अडकते ती याच शंकेपायी. त्यामुळे पाठवायचीच असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागेल हे धरून चाला. कपड्यांत गुंडाळून कुणाच्या तरी बॅगेतून पाठवायचा बेत असेल तर तो सोडा, कान एकच उरलाय. आणि वेगळं विचारते: बहिणीला दौत हवी आहे की आजोबा? तिला आजोबांच्या अक्षरातलं एखादं पत्र किंवा हिशेबाची वही दिलीत, आणि दौतीचे चांगले फोटो, तर चालेल का? निदान विचारून बघा. दौत आणि अक्षर एकाच घरात राहावं असा काही नियम नाही.

आईंच्या बाबतीत माझं मत थोडं त्यांच्या बाजूनं झुकतं. पूजेतली मूर्ती भंगली तर विसर्जन करतात, ती रीत देवघरातली. कुत्रा, पखालवाला, कलमदान यांची कुणी प्राणप्रतिष्ठा केलेली नसते, त्यांना ती लागू नाही. पण तुमच्या 22 मध्ये एखादी तुटकी देवाची मूर्ती असेल, आणि ती बघून त्यांच्या जिवाला रोज घोर लागत असेल, तर ती दिवाणखान्यातून तुमच्या खोलीत हलवायला काय हरकत आहे? वाद घालून जिंकाल, मग पितृपक्षात घरात काहीही बिघडलं की बोट त्या मूर्तीकडे. आणि जमलं तर पुढच्या वेळी जुन्या बाजारात त्यांना बरोबर न्या, वाजवून घ्यायला.

राहता राहिला कुत्र्याचा कान. तुकडा माळ्यावर सापडला होता का हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर झटपट चिकटणाऱ्या गोंदानं किंवा दोन ट्यूबवाल्या लुगदीनं चिकटवू नका. तुटलेल्या कडा घासून साफही करू नका, त्या जितक्या कोऱ्या तितका सांधा नेमका बसतो. संग्रहालयातले लोक पॅरालॉइड बी-72 नावाचा डिंक वापरतात, तो पुढं कधीही अॅसिटोननं सोडवता येतो. ते काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. तोवर कान कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवा आणि पेटीवर लिहा, नाहीतर दिवाळीच्या सफाईत जाईल. कान नसेल तर नवा करू नका, मला तरी तो एककानीच आवडेल. आणि शाईच्या वाट्यांत तळाशी निळी-काळी खरवड दिसत असेल तर ती खरडू नका, भिजवू तर मुळीच नका. आजोबांनी शेवटचा टाक बुडवला त्याची ती शाई आहे.